'चांगलं कोलेस्टेरॉल' नावाची अफवा

'चांगलं कोलेस्टेरॉल' नावाचा कुठलाही पदार्थ जगात नाही. 'वाईट कोलेस्टेरॉल'ही नाही. कोलेस्टेरॉल एकच असतं: २७ कार्बन अणू, चार कड्यांचा सांगाडा आणि एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची इवलीशी जोडी. एचडीएलमधला एक रेणू उचलून एलडीएलमध्ये ठेवला, तर कुठल्याही प्रयोगशाळेला तो परका म्हणून ओळखता येणार नाही. शरीर तर ही उचलठेव दिवसभर करत असतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, लोकांना पटकन कळावं म्हणून सोपी नावं दिली. त्यात एवढं काय बिघडलं?

बरंच बिघडलं. या नावांवर विश्वास ठेवून औषधं बनली आणि सत्तर हजारांहून जास्त माणसांवर तपासली गेली. त्यातल्या पहिल्या औषधाने माणसं वाचण्याऐवजी जास्त मेली. हा सगळा तपशील जाहीर आहे, मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला आहे. तरी तुमच्या मोबाइलमधल्या लॅब रिपोर्टवर आजही एचडीएलसमोर 'गुड कोलेस्टेरॉल' लिहिलेलं असतं आणि आकडा मोठा असला की हिरवा रंग येतो. माझं भांडण त्या हिरव्या रंगाशी आहे.

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर लिहितो. रोजचं काम आकडे साठवण्याचं, आकडे दाखवण्याचं आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर लोक फार विश्वास ठेवतात तेव्हा काय होतं ते निस्तरण्याचं. त्यामुळे या विषयात मी औषध कुठलं घ्यावं हे सांगणार नाही. एक आकडा आपल्याला काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढ्यावर मात्र बोलण्याचा मला हक्क आहे असं वाटतं.

माल आणि टेम्पो

आधी थोडं रसायन. घाबरू नका, दहावीच्या पुढे जात नाही.

कोलेस्टेरॉल हा तेलकट रेणू, पाण्यात विरघळत नाही. रक्त तर मुख्यतः पाणीच. म्हणून त्याची ने-आण करायला वाहन लागतं. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांच्या या गोळ्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल ही या वाहनांची नावं आहेत, मालाची नाहीत. टेम्पोत कांदा भरला म्हणून टेम्पोला कुणी 'चांगला कांदा' म्हणत नाही. आपण नेमकं तेच करतो.

आता माल भरायचा कसा? कोलेस्टेरॉलच्या टोकाची ती ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी पाण्याशी जमवून घेते, उरलेला रेणू पाण्यापासून पळतो. त्यामुळे सुटं कोलेस्टेरॉल पेशीच्या पातळ आवरणात किंवा लिपोप्रोटीनच्या पृष्ठभागावर उभं राहतं, पाण्याकडे तोंड करून. तिथे जागा मर्यादित. जास्त झालं तर आवरण ताठर होतं आणि पेशीच्या जिवावर बेततं. शिवाय आपल्या पेशींना कोलेस्टेरॉलचा सांगाडा तोडून त्याची ऊर्जा करता येत नाही. साखर जाळता येते, चरबी जाळता येते, हे जळत नाही. थोडं हार्मोन बनवायला लागतं, बाकीचं यकृताकडे पाठवून पित्तातून बाहेर टाकावं लागतं. तोवर ते कुठेतरी सुरक्षित ठेवायला हवं.

इथे एन्झाइम येतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हटलं होतं ते. ते एक मेदाम्ल घेतं आणि कोलेस्टेरॉलच्या त्या टोकावर झाकणासारखं बसवतं. याला एस्टरीकरण म्हणतात. झाकण बसलं की पाण्याशी असलेला शेवटचा संबंध संपला. आता हा कोलेस्टेरॉल एस्टर पृष्ठभागावर थांबत नाही, थेट आत, गोळ्याच्या पोटात जातो. तिथे दाटीवाटीने कितीही रचता येतो आणि कुणाला त्रास देत नाही. रक्तातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश याच झाकणबंद रूपात असतं. तुमच्या रिपोर्टमधला 'टोटल कोलेस्टेरॉल' हा आकडा म्हणजे सुटं आणि बंद असं दोन्ही मिळून.

हे झाकण लावणारे कारागीर मुख्यतः दोन जातींचे.

पहिला एलकॅट. नावातला 'एल' लेसिथिनचा. हा मुख्यतः यकृतात बनतो, रक्तात फिरतो आणि एचडीएलच्या पृष्ठभागावर काम करतो. लेसिथिनमधलं एक मेदाम्ल काढून कोलेस्टेरॉलला लावतो. एचडीएल सुरुवातीला चपट्या तबकडीसारखं असतं. एलकॅट एकेका रेणूला झाकण लावून आत ढकलतो तसतशी ती तबकडी फुगून गोल होते आणि पृष्ठभागावर नव्या मालाला जागा होते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या जॉन ग्लोमसेट यांनी या एन्झाइमचं काम उलगडलं.

दुसरा एकॅट. हा पेशीच्या आत काम करतो आणि याचे दोन प्रकार आहेत. एकॅट-१ जवळपास सगळ्या पेशींत असतो. पेशीत सुटं कोलेस्टेरॉल जास्त झालं की तो झाकण लावून थेंबांच्या रूपात साठवतो. एकॅट-२ आतड्यात आणि यकृतात असतो. अन्नातून शोषलेलं आणि यकृतातलं कोलेस्टेरॉल तो वाहनांत भरण्याजोगं करतो.

तिसरा एक पात्र आहे, तो झाकण लावत नाही, पण त्याच्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. सीईटीपी. हा अदलाबदली करणारा दलाल. एचडीएलमधले कोलेस्टेरॉल एस्टर काढून एलडीएल आणि व्हीएलडीएलमध्ये टाकतो आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड आणून एचडीएलमध्ये भरतो. म्हणजे तुमच्या तथाकथित 'चांगल्या' कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा काही वेळाने तथाकथित 'वाईट' कोलेस्टेरॉल होतो, तेही शरीराच्या नेहमीच्या कारभारात. हे कळल्यावर ती दोन विशेषणं वापरायला खरं तर लाज वाटली पाहिजे.

टोलनाक्यावरची रांग

एचडीएलला देवपण कुठून आलं? अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातून १९७७ मध्ये निष्कर्ष आला की ज्यांचं एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी. निरीक्षण बरोबर होतं. नंतरच्या अनेक अभ्यासांत तेच दिसलं. सोबत एक सुंदर कहाणीही होती: एचडीएल रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून कोलेस्टेरॉल उचलतं, एलकॅट ते बंद करतं, मग ते यकृताकडे जातं. सफाई कामगार! मग सफाई कामगारांची संख्या वाढवली की काम झालं, नाही का?

औषध कंपन्यांनी हाच विचार केला. आणि संख्या वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग सापडला, सीईटीपी बंद करणे.

इथे जरा थांबा. सीईटीपी बंद केला की एचडीएलमधला माल बाहेर पडायची एक मोठी वाट बंद होते. मग एचडीएलमध्ये एस्टर साचतात आणि आकडा वर जातो. एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग तीन किलोमीटर झाली, तर वाहतूक सुरळीत झाली असं आपण म्हणतो का? रक्त तपासणीतला एचडीएलचा आकडा ही त्या रांगेची लांबी आहे. किती गाड्या पार गेल्या, हे त्यात लिहिलेलंच नसतं.

फायझर कंपनीच्या टॉर्सेट्रापिब या औषधाची १५,०६७ रुग्णांवर चाचणी झाली. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं. एलडीएल जवळपास २५ टक्क्यांनी उतरलं. डॅशबोर्डवर याहून सुंदर चित्र असू शकत नाही. डिसेंबर २००६ मध्ये ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार औषध घेणाऱ्या गटात ९३ मृत्यू झाले, न घेणाऱ्या गटात ५९. या औषधाने रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे सगळा दोष सीईटीपी बंद करण्यावर टाकता येत नाही. हे खरं आहे आणि तेव्हाही हेच सांगितलं गेलं: रेणू वाईट निघाला, कल्पना चांगलीच आहे.

मग कल्पना पुन्हा तपासली. डॅलसेट्रापिब, १५,८७१ रुग्ण. रक्तदाबाचा तो मोठा दोष नाही. एचडीएल ३० ते ४० टक्क्यांनी वर. फायदा शून्य. २०१२ मध्ये बंद. एव्हासेट्रापिब, १२,०९२ रुग्ण. एचडीएल १३३ टक्क्यांनी वर, म्हणजे दुपटीहून जास्त. फायदा शून्य. २०१५ मध्ये बंद. ॲनासेट्रापिब, ३०,४४९ रुग्ण, निकाल २०१७. इथे एचडीएल दुप्पट झालं आणि हृदयविकाराच्या मोठ्या घटना ९ टक्क्यांनी कमी झाल्या. पण जेवढं एलडीएलकडचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं, त्यावरून साधारण एवढाच फायदा अपेक्षित होता. दुप्पट झालेल्या एचडीएलच्या खात्यात काही उरलं नाही. कंपनीने औषध बाजारात आणलंच नाही. आता याच कुळातलं ओबिसेट्रापिब तपासलं जातंय, आणि त्याची जाहिरात एलडीएल कमी करणारं औषध म्हणून होते. प्रथिन तेच, देव बदलला.

कुणी म्हणेल, सीईटीपी हा रस्ताच चुकीचा होता. मग नायसिन बघा, जुनं जीवनसत्त्व, एचडीएल वाढवणारं. २०११ आणि २०१४ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनच्या जोडीला ते देऊन काही हाती लागलं नाही. निसर्गाने केलेला प्रयोग बघा. काही लोकांत एका जनुकातल्या बदलामुळे जन्मापासून एचडीएल थोडं जास्त असतं. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला. हार्ट अटॅकचा धोका त्यांच्यात कमी नव्हता. डेन्मार्कमधल्या लोकांवरचा २०१७ चा अभ्यास तर सांगतो की एचडीएल अतिशय जास्त असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण उलट जास्त दिसतं. आणि २०२४ मध्ये, आकडा सोडून थेट सफाईची क्षमताच वाढवू म्हणून एचडीएलमधलं मुख्य प्रथिन शिरेतून देणारी चाचणी झाली, १८,२१९ रुग्णांवर. मुख्य उद्दिष्ट तिथेही हुकलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियम सांगितला जातो: एखादं माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. टेस्ट कव्हरेज ९० टक्के करा म्हटलं की लोक काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात. कव्हरेज वाढतं, बग तिथेच. फरक एवढाच की आमच्याकडे रिलीज मागे घेता येते.

झाकण उघडं राहिलं तर

एलकॅट नसेलच तर काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. १९६७ मध्ये नॉर्वेच्या नोरुम आणि योने या डॉक्टरांनी ३३ वर्षांच्या एका बाईची नोंद केली, तिच्या दोन बहिणींतही तोच दोष सापडला. रक्तात कोलेस्टेरॉल होतं, पण झाकण लागलेलं जवळजवळ नाहीच. एचडीएल अगदीच कमी. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा धूसर, रक्तक्षय, लघवीतून प्रथिनं जाणारी. पुढे अशा कुटुंबांत सगळ्यात मोठं संकट ठरलं ते किडनी निकामी होण्याचं. १९७९ मध्ये स्वीडनमध्ये याच एन्झाइमच्या अर्धवट दोषाची कुटुंबं सापडली. त्यांचे डोळे उकडलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे दिसत, म्हणून त्या रोगाचं नावच 'फिश आय डिसीज' पडलं.

'चांगलं कोलेस्टेरॉल'वर विश्वास असेल तर या माणसांची हृदयं तिशीतच बंद पडायला हवी होती. एचडीएल जवळपास नाहीच ना! तसं सरसकट झालं नाही. हृदयविकाराबाबतचं चित्र संमिश्र आहे आणि अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. पण 'एचडीएल गेलं म्हणजे हृदय गेलं' हे साधं समीकरण तिथे टिकत नाही, एवढं निश्चित. एलकॅटचं काम महत्त्वाचं आहे, पण ते रिपोर्टवरच्या एका आकड्यात मावत नाही.

एकॅटची गोष्टही तेवढीच बोलकी आहे. १९१० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ विंडाउस यांनी रोगट महाधमनी तपासली आणि तिच्यात निरोगी धमनीपेक्षा कितीतरी पट कोलेस्टेरॉल एस्टर सापडले. पुढे कळलं की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात, एकॅट-१ त्याला झाकण लावून थेंब करतो, आणि थेंबांनी भरलेल्या त्या पेशी फेसासारख्या दिसतात. मग नवं लेबल तयार झालं: एस्टर म्हणजे रोग. एस्टर बनवणारा एकॅट म्हणजे गुन्हेगार. त्याला बंद करा.

केला. पॅक्टिमाइब या औषधाने दोन्ही प्रकारचे एकॅट रोखले. २००६ मध्ये ४०८ रुग्णांचे निकाल आले. धमनीतला थर कमी झाला नाही, उलट काही मोजमापांत औषध घेणाऱ्यांची स्थिती वाईट होती. २००९ मध्ये दुसऱ्या चाचणीतही निराशाच. उंदरांवरच्या प्रयोगात तर २००१ मध्येच इशारा मिळाला होता: भक्षक पेशींतून एकॅट-१ काढून टाकला तेव्हा धमन्यांचा रोग वाढला. यामागचं कारण आता तुम्हीही सांगू शकाल. सुटं कोलेस्टेरॉल पेशीला विषारी. एकॅट-१ ते डब्यात भरून पेशीला वाचवत होता. घरात पाणी शिरतंय म्हणून आपण बादल्या भरून ठेवणाऱ्याचेच हात बांधले आणि नळ चालू ठेवला.

एचडीएलला नायक केलं, फसलो. एस्टरला खलनायक केलं, फसलो. दोन्हीकडे चूक एकच. चालू असलेल्या प्रक्रियेचा एक फोटो काढला आणि फोटोतल्या वस्तूला चारित्र्याचा दाखला दिला.

मग हा सगळा कट आहे का?

नाही. आणि इथे माझं दुसरं भांडण सुरू होतं. वरचं सगळं वाचून काहींना आनंद झाला असेल की चला, कोलेस्टेरॉल हे थोतांडच होतं. असं म्हणणाऱ्या रील्सचा सुकाळ आहे. रोज दोन चमचे खोबरेल तेल प्या, तूप वाटीने खा, एलडीएल २०० झालं तरी घाबरू नका, एचडीएल वाढलंय ना? खोबरेल तेलाने एचडीएल वाढतं, हे खरंच आहे. त्यानेच एलडीएलही वाढतं, हे रीलमध्ये नसतं. आमटीतल्या ओल्या खोबऱ्याबद्दल मी बोलत नाही. औषध म्हणून तेल पिणाऱ्यांबद्दल बोलतोय.

एचडीएलचा दावा ज्या परीक्षेत नापास झाला, त्याच परीक्षेत एलडीएलचा दावा पुन्हा पुन्हा पास झाला आहे. जन्मजात जनुकीय बदल बघा: पीसीएसके-९ या जनुकातल्या बिघाडामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत एलडीएल आयुष्यभर २८ टक्क्यांनी कमी होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. औषधं बघा: जपानच्या अकिरा एंडो यांच्या शोधातून आलेले स्टॅटिन एलडीएल उतरवतात आणि मृत्यू कमी करतात. पूर्ण वेगळ्या मार्गाने एलडीएल उतरवणारं पीसीएसके-९ विरोधी इंजेक्शन २०१७ च्या चाचणीत हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी कमी करून गेलं. वेगवेगळे रस्ते, उत्तर तेच. याला पुरावा म्हणतात. पण यातही दोषी कोलेस्टेरॉल हा रेणू नाही. दोषी आहे ती वाहनांची संख्या. एलडीएलचे कण जितके जास्त आणि जितकी वर्षं जास्त, तितके ते धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात.

मग कमी एचडीएल दिसलं तर दुर्लक्ष करायचं? तेही नाही. धूर दिसला तर आग शोधायची असते. कमी एचडीएल हा बहुतेकदा धूर असतो आणि आपल्या भारतीयांच्या घरात तो फार दिसतो. पोट सुटलं, इन्सुलिन नीट लागू होईना, ट्रायग्लिसराइड वाढलं. मग आपला दलाल सीईटीपी जोमाने कामाला लागतो. ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये भरतो, ते एचडीएल लहान होऊन लवकर नष्ट होतं, आकडा पडतो. त्याच अदलाबदलीतून एलडीएलचे कणही लहान होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कण जास्त. रिपोर्ट मात्र कण मोजत नाही, त्यातलं कोलेस्टेरॉल मोजतो. एलडीएल ११० दिसतं आणि घरातले म्हणतात, नॉर्मल आहे रे. आकडा नॉर्मल असतो. टेम्पो दुप्पट असू शकतात.

एचडीएल वाढवायची गोळी म्हणजे धुरावर पंखा लावणं. चालणं, वजन उतरवणं, सिगारेट सोडणं याने एचडीएल थोडं वाढतं आणि माणूसही बरा होतो, पण माणूस बरा होतो तो एचडीएल वाढल्यामुळे, असं म्हणायला आधार नाही.

रिपोर्ट वाचताना

आता तुमच्या हातातला कागद. त्यावरचं एलडीएल बऱ्याचदा मोजलेलंच नसतं. ते गणित असतं. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी दिलेलं सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. व्हीएलडीएल म्हणून जी ओळ छापतात ती सहसा ट्रायग्लिसराइड भागिले पाच, बस. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, हे मूळ लेखकांनीच सांगितलं होतं. आमच्या भाषेत हे 'कॅल्क्युलेटेड फील्ड'. दहा ओळींच्या रिपोर्टमध्ये खरी मोजलेली माहिती कधीकधी तीनच ओळींची असते. बाकी तिचेच गुणाकार-भागाकार.

त्यातला सगळ्यात घातक भागाकार म्हणजे रेशो. माझ्या टीममधल्या ३१ वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट सांगतो, त्याच्या परवानगीने. एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल ६२, ट्रायग्लिसराइड १३०. सूत्राने एलडीएल १६०. वडिलांना ४८ व्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेलेला. त्याच्या आरोग्य ॲपने २४८ ला ६२ ने भागलं, ४ आलं, आणि हिरव्या अक्षरांत लिहिलं की धोका कमी, तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल तुमचं रक्षण करतंय. तो डॉक्टरकडे जाणारच नव्हता. त्याच्या बहिणीने मागे लागून नेलं. डॉक्टरांनी रेशोकडे पाहिलंही नाही. वडिलांचं वय विचारलं.

त्या ॲपचा कोड मी पाहिलेला नाही, पण मला तो लिहिता येईल. तीन ओळींचा आहे. एक भागाकार, एक तुलना, एक रंग. कुणीतरी माझ्याच वयाच्या इंजिनिअरने तो शुक्रवारी संध्याकाळी लिहिला असेल. तिकिटात रंग सांगितला होता, त्याने रंग दिला. दुप्पट एचडीएल असलेली सुमारे सहा हजार माणसं कुठल्याही संरक्षणाविना राहिली, हे तिकिटात नव्हतं.

म्हणून मागणी सरळ आहे आणि ती तीन लोकांकडे आहे.

लॅबवाल्यांनो, 'गुड' आणि 'बॅड' हे शब्द रिपोर्टवरून काढा. त्या जागी नॉन-एचडीएल छापा. एकूणातून एचडीएल वजा केलं की झालं, नवी तपासणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. धमनीत अडकू शकणाऱ्या सगळ्या वाहनांतला माल त्या एका आकड्यात येतो आणि ट्रायग्लिसराइड जास्त असतानाही तो दगा देत नाही. माझ्या त्या सहकाऱ्याचा नॉन-एचडीएल १८६ येतो. १३० च्या आसपासची मर्यादा धरली तर त्याला हिरवा रंग देणं कुठल्याच हिशोबात बसत नाही.

ॲप बनवणाऱ्यांनो, म्हणजे आपणच, हा रेशोचा हिरवा रंग काढून टाका. वय, घरातला इतिहास, सिगारेट, रक्तदाब, साखर न विचारता एका भागाकारावर दिलासा देऊ नका. देता येत नसेल तर फक्त आकडा दाखवा. आकडा दाखवून गप्प बसणं हे चांगलं सॉफ्टवेअर असू शकतं.

आणि वाचणाऱ्यांनो, रिपोर्ट उघडा आणि ती एक वजाबाकी करा. एकूण वजा एचडीएल. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला असेल तर तो आकडा आणि ती माहिती, दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा. त्यांना अपो-बी आणि लिपोप्रोटीन (ए) बद्दल विचारा. अपो-बी म्हणजे टेम्पोंची मोजणी, कारण अशा प्रत्येक कणावर त्या प्रथिनाची एकच प्रत असते. लिपोप्रोटीन (ए) बहुतांशी आईवडिलांकडून येतो आणि आपल्या भागात त्याचं जास्त प्रमाण बऱ्याच लोकांत सापडतं. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तो आयुष्यात एकदा तरी तपासायला सांगतात. पंचविशीत तपासलं तर पुढची चाळीस वर्षं हाताशी असतात.

एलकॅट, एकॅट, सीईटीपी हे तिघं या क्षणीही तुमच्या अंगात काम करतायत. झाकण लावतायत, डबे भरतायत, इकडचा माल तिकडे टाकतायत. त्यांना चांगलं-वाईट माहीत नाही. ती नावं आपण दिली, आपणच ती काढून घ्यायची आहेत. सुरुवात पुढच्या रिपोर्टपासून करू. लॅबच्या फीडबॅक फॉर्ममध्ये एक ओळ लिहा: 'गुड कोलेस्टेरॉल' असं काही नसतं, कृपया नॉन-एचडीएल छापा. मी माझ्या लॅबला लिहिली आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन.